बंद राहिलेलं दुसरं घर आणि हिरवागार झालेला स्विमिंग पूल: कामाला कोणत्या क्रमाने हात घालावा

कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की काही किलोमीटरवर आमचं छोटं घर आहे. बाबांनी हौसेने बांधलेलं. मागच्या अंगणात आठ मीटर बाय चार मीटरचा स्विमिंग पूल. बाबांच्या आजारपणात आणि ते गेल्यानंतर मिळून अडीच वर्षं आम्ही तिकडे फिरकलो नव्हतो. मन होत नव्हतं. गेल्या दसऱ्यानंतर मी, आई आणि दादा एकदाचे गेलो, तर फाटकाचं कुलूप गंजून धरलेलं, गवत कमरेपर्यंत, आणि पुलाच्या जागी शेवाळाने भरलेलं डबकं. आई पायरीवरच बसून राहिली.

आज ते पाणी स्वच्छ आहे. पण तिथवर पोचायला आम्हाला चार शनिवार-रविवार लागले, आणि त्यातले दोन केवळ कामाचा क्रम चुकल्यामुळे वाया गेले. कर्जत, नेरळ, लोणावळा, अलिबाग, मुरुड या पट्ट्यात अशी बरीच घरं आहेत. कुणाची मुलं परदेशात, कुणाचे आईवडील थकलेले. तुम्ही अशा घराकडे परत निघाला असाल तर हे आधी वाचा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुरुवातीलाच सांगते: पुलातलं पाणी उपसून काढायची घाई करू नका. कारण पाचव्या पायरीत सविस्तर आहे. तो भाग तरी वगळू नका.

## १. निघण्यापूर्वी: कागद, फोन आणि योग्य महिना

रायगडच्या या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊन काही साधत नाही. भिंती ओल्या, रस्ता निसरडा, मजूर भाताच्या लावणीत. ऑक्टोबरच्या मध्यापासून जावं. मात्र तेव्हा भाताची कापणी सुरू असते, त्यामुळे गवत कापायला माणूस हवा असेल तर आठवडाभर आधी फोन करून विचारा.

बरोबर घ्यायचे कागद:

- वीजबिल, किंवा निदान त्यावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक
- ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि पाणीपट्टीची शेवटची पावती, नमुना ८ चा उतारा
- सातबाराचा ताजा उतारा (ऑनलाइन मिळतो)
- घर ज्यांच्या नावावर आहे ते हयात नसतील तर मृत्यू दाखल्याच्या प्रती आणि वारसांची ओळखपत्रं
- पुलाचा नकाशा, मोटर आणि फिल्टरची बिलं, जी काही सापडतील ती

सातबारा आधी काढा आणि नीट वाचा. बंद घराच्या बाबतीत फेरफाराच्या रकान्यात आपल्याला माहीत नसलेली काही नोंद आली आहे का, हे पाहण्याची ही सगळ्यात सोपी वेळ असते. वारस नोंद राहिली असेल तर तिचा अर्जही याच फेरीत द्या. आम्ही ती टाळत आलो होतो. बाबांचं नाव कमी होणार हा विचारच आईला सहन होत नव्हता. पण पुढे वीजमीटर नावावर करण्यापासून सगळं त्या एका नोंदीपाशी अडत होतं.

वीजबिल थकलेलं असेल तर घरून निघण्यापूर्वी ऑनलाइन भरा आणि जोडणी चालू आहे का ते महावितरणच्या १९१२ क्रमांकावर विचारून घ्या. थकबाकीसाठी तात्पुरती तोडलेली जोडणी आणि कायमची खंडित केलेली जोडणी यांत फार फरक आहे. पहिलीत पैसे भरले की काम होतं, दुसरीत नव्याने अर्ज करण्याची वेळ येऊ शकते. मोटर चालणार नसेल तर पुलाचं कुठलंच काम पुढे सरकत नाही, म्हणून हे आधी.

आणि शेजाऱ्यांना फोन करा. आमच्या बाजूच्या वाडीतल्या काकांनी फोनवरच सांगितलं, "ताई, रात्री पोचू नका. सकाळी या. आणि गम्बूट घालून या." त्यांचं ऐकलं म्हणून पुढचा प्रसंग निभावला.

## २. पहिला तास: फक्त बघायचं

सकाळी उजेडात पोचा. मुलांना आणि कुत्र्याला या पहिल्या फेरीत आणू नका. हिरव्या पाण्यात तळ दिसत नाही, पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि त्यात पडलेलं माणूस वरून दिसतही नाही. पुलाच्या काठाने एकट्याने फिरायचं नाही, हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला.

अंगावर पूर्ण बाह्या, पायात गुडघ्यापर्यंतचे गम्बूट, हातात लांब काठी. गवतातून चालताना काठी पुढे आपटत चला. दगडांचे ढीग, रचून ठेवलेली कौलं, मोटरची खोली आणि पुलाच्या कडेचे स्किमर (पाण्यावरचा पालापाचोळा ओढून घेणारे कप्पे) या जागा सापांच्या आवडीच्या. झाकण उचलायचं तर काठीने किंवा लोखंडी आकड्याने, हाताने कधीच नाही.

आमच्या स्किमरच्या टोपलीत घोणस होती. काठीने झाकण सरकवल्यावर कुकरच्या शिट्टीसारखा तिचा मोठा फूत्कार ऐकला आणि आम्ही सगळे मागे झालो. काकांनी ओळखीच्या सर्पमित्राला बोलावलं. तो अर्ध्या तासात आला आणि तिला नेऊन लांब सोडून दिलं. सापाला मारायचं नाही. कायद्याने संरक्षण आहे हे तर खरंच, शिवाय मारायला जाणाऱ्यालाच दंश होण्याचा धोका मोठा असतो. सर्पमित्राचा नंबर नसेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करून थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. सर्पदंशावरची लस कुठे उपलब्ध आहे हे पोचल्या दिवशीच विचारून ठेवा.

त्या पहिल्या तासात मोबाइलवर भरपूर फोटो काढा. भिंतीतल्या भेगा, छताची ओल, पुलाच्या कडा, पाण्याची पातळी, मोटरवरची पाटी. नंतर प्लंबर किंवा वायरमनशी फोनवर बोलताना हेच कामाला येतात.

## ३. आधी घर राहण्याजोगं करा

पुलाकडे बघून हात शिवशिवतात, पण रात्री पाठ टेकायला कोरडी जागा आणि वापरायला चालू संडास नसेल तर दुसऱ्या दिवशी काम होत नाही. आम्ही पहिल्या फेरीत थेट पुलाला भिडलो आणि संध्याकाळी दमून ठाण्याला परत आलो. तो एक शनिवार-रविवार असा गेला.

मेन स्विच बंद ठेवूनच वायरमनला आत घ्या. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात आणि बंद घराच्या बोर्डात पालींनी व मुंग्यांनी घर केलेलं असतं. अर्थिंग तपासून घ्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच) बसवलेला नसेल तर तो या वेळी बसवाच. पुलाच्या मोटरची आणि पाण्यातल्या दिव्यांची लाइन त्यावरून गेलीच पाहिजे. पाण्यातला दिवा १२ व्होल्टचा आहे की थेट २३० व्होल्टवर आहे हे वायरमनकडून बघून घ्या. थेट असेल तर ती लाइन कापूनच टाका. याबाबतीत मी कुणाचंही ऐकणार नाही.

घरात कुबट, गटारासारखा वास येतो त्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. न्हाणीघरातल्या जाळीखालच्या वाकड्या पाइपात जे पाणी साचून वास अडवतं, ते महिनोन्महिने वापर नसल्याने आटून गेलेलं असतं. प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये आणि कमोडमध्ये एकेक बादली पाणी ओता. झुरळंही तिथूनच येतात.

गच्चीवरची टाकी रिकामी करून घासा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, मगच भरा. बोअरचं पाणी पहिली दहा-पंधरा मिनिटं बाहेर सोडून द्या. प्यायला मात्र बाटलीबंद पाणीच न्या.

भिंतींवर बुरशी असेल तर लगेच रंग काढू नका. खिडक्या उघड्या ठेवून भिंत वाळू द्या, बुरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या, गळतीचं मूळ शोधा. रंगाचा विचार फेब्रुवारीनंतर. चौकटींवर मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे. त्या नळ्या झाडून टाकल्या की वाळवी गेली असं वाटतं, पण ती आत असतेच. वाळवीवाल्याला दाखवेपर्यंत त्या तशाच राहू द्या.

झोपण्यापूर्वी गाद्या, चादरी झटका. मण्यार रात्री घरात शिरते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. शक्यतो खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा.

## ४. मोटरच्या खोलीतली जुनी रसायनं

ही पायरी बहुतेक जण विसरतात आणि सगळ्यात मोठा अपघात इथेच होऊ शकतो.

खोलीचं दार उघडलं की आत न शिरता पंधरा-वीस मिनिटं वारा खेळू द्या. आत जुन्या ब्लीचिंग पावडरचं फुटलेलं पोतं, क्लोरीनच्या गोळ्यांचा डबा, ॲसिडचा कॅन असं काहीबाही असतं. क्लोरीन आणि ॲसिड एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. टीसीसीए म्हणजे क्लोरीनच्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट म्हणजे दाणेदार क्लोरीन, दोन्ही दिसायला पांढरे आणि दोन्ही 'क्लोरीन'च, पण एकमेकांत मिसळले तर पेट घेऊ शकतात. एकाच्या डब्यातला चमचा दुसऱ्यात घालायचा नाही, तो कोरडा असला तरी.

ओलसर झालेली, लेबल नसलेली पुडकी वापरू नका. जुन्या ब्लीचिंग पावडरचा जोर तसाही गेलेला असतो. जिथून नवं रसायन घेणार त्या दुकानदाराला जुन्याचे फोटो दाखवा आणि विल्हेवाट कशी लावायची ते विचारा. ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका.

## ५. पाणी उपसायचं का? थांबा, आधी विहीर बघा

पहिल्याच दिवशी एका ठेकेदाराने आम्हाला सांगितलं, "ताई, पंप लावतो, संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी करतो, घासून टँकरने भरून देतो." ऐकायला किती सोपं. दादा तयारही झाला होता.

ज्यांनी हे घर बांधलं त्या गवंडीकाकांना मी फोन केला नसता तर आमचा पूल आज फुटलेला असता. ते म्हणाले, "पाणी काढू नका. खालची जमीन अजून भरलेली आहे." पावसाळ्यानंतर जमिनीखालचं पाणी वर आलेलं असतं. ते पुलाच्या तळाला खालून रेटत असतं. पूल भरलेला असतो तोवर आतल्या पाण्याचं वजन त्या रेट्याला तोलून धरतं. पूल रिकामा केला की ते वजन जातं, आणि तळ फुगतो, लाद्या उखडतात, काँक्रीटला तडा जातो. फायबरचा पूल असेल तर अख्खा उचलला जाऊ शकतो. आमच्याच रस्त्यावरच्या एका बंगल्यात हे झालं. ऑक्टोबरमध्ये रिकामा केला, तीन दिवसांनी मधोमध तळ वर आला. तो पूल आता मातीने भरून वर फुलझाडं लावली आहेत.

बघायचं कसं? जवळच्या विहिरीत पाणी जमिनीपासून किती फुटांवर आहे ते दोरीला दगड बांधून मोजा. आमच्या पुलाचा खोल भाग पाच फूट, खालचा स्लॅब धरून सहा. विहिरीत पाणी साडेतीन फुटांवर होतं. म्हणजे तळ पाण्याच्या पातळीच्या खूप खाली. नियम सोपा आहे: पुलातली पातळी विहिरीतल्या पातळीच्या खाली जाऊ द्यायची नाही. विहीर उतारावर खाली असेल तर हा अंदाजही पुरेसा नाही, तेव्हा पूल पुरा भरलेलाच ठेवा.

पूल खरोखरच रिकामा करायचा असेल, लाद्या बदलायच्या असतील, तर एप्रिल-मेमध्ये, विहीर खोल गेल्यावर आणि गवंड्याला विचारून.

जे थोडं पाणी काढावं लागेल ते कुठे सोडणार याचाही विचार करा. शेजारच्या वावरात पिकलेलं भात उभं असतं. त्यात पाणी गेलं तर शेजाऱ्याचं वर्षाचं नुकसान आणि आपले संबंध कायमचे बिघडलेले. क्लोरीन न घातलेलं हिरवं पाणी आपल्याच झाडांना थोडं थोडं द्या. क्लोरीनचं पाणी झाडांना नको आणि ओढ्यातही नको.

## ६. पूल साफ करणे

लागणारं सामान: लांब दांड्याची पानांची जाळी, नायलॉनचा ब्रश (जुन्या शेवाळासाठी कडक), व्हॅक्यूमचं डोकं आणि पाइप, पाणी तपासायचं टेस्ट किट, दाणेदार क्लोरीन, ॲसिड, सोडा ॲश, तुरटी, रबरी हातमोजे, डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा, मास्क, प्लास्टिकच्या दोन बादल्या. टेस्ट किटमध्ये काटकसर करू नका. त्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार होतो, आणि रसायनांवर त्याच्या कितीतरी पट पैसा जातो.

आधी जीव बाहेर. बेडूक, खेकडे, कधी सापही पाण्यात अडकलेले असतात आणि उभ्या भिंतीमुळे त्यांना बाहेर पडता येत नाही. एक फळी तिरकी टाकून, तिच्यावर जुनं गोणपाट बांधून रात्रभर ठेवा. सकाळी बरेच जण निघून गेलेले असतात.

मग पानं, हाताने. मोटर अजून लावायची नाही. आमचा दुसरा शनिवार-रविवार इथे गेला. घाईने मोटर सुरू केली, बदामाची आणि बांबूची पानं पाइपात जाऊन बसली, आणि प्लंबरला दिवसभर खोदकाम करावं लागलं. जाळी तळापर्यंत हळू न्या आणि वर ओढा. तळातला काळा, कुजका गाळ वर येईल, वास सुटेल, पाणी आणखी घाण दिसेल. येऊ द्या. आम्ही अकरा घमेली कुजलेली पानं काढली. ती कंपोस्टच्या खड्ड्यात चालतात.

या कामात हातापायाला जखम असेल तर पाण्यात हात घालू नका. उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि कोकणपट्टीत तो दरवर्षी आढळतो. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना 'साचलेल्या पाण्यात काम केलं होतं' हे आवर्जून सांगा.

मोटर आणि फिल्टर. स्विच बंद ठेवून मोटरचा मागचा पंखा हाताने फिरतो का बघा. जाम असेल तर चालू करू नका, वायंडिंग जळतं. फिरत असेल तर समोरच्या गाळणीच्या भांड्यात काठोकाठ पाणी भरा, झाकणाच्या रबरी रिंगला ग्रीस लावा, मग सुरू करा. कोरडी चालवली तर सील जातं. सँड फिल्टरचं झाकण एकदा उघडून बघा. वर्षानुवर्षं बंद राहिल्यावर आतल्या वाळूचे गठ्ठे होतात आणि पाणी त्यांच्या कडेने न गाळताच निघून जातं. वाळू पाच-सात वर्षं जुनी असेल तर बदलाच. नदीची किंवा बांधकामाची वाळू चालत नाही, फिल्टरसाठीची सिलिका वाळूच हवी.

मल्टीपोर्ट व्हॉल्व्हचा, म्हणजे पाणी फिल्टरमधून कुठल्या वाटेने जायचं ते ठरवणाऱ्या झडपेचा, दांडा मोटर चालू असताना कधीही फिरवू नका. आधी मोटर बंद, मग दांडा.

पाणी किती आहे ते काढा. लांबी × रुंदी × सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले १०००, म्हणजे लिटर. आमचा ८ × ४, उथळ बाजू ०.९ आणि खोल बाजू १.५, सरासरी १.२ मीटर. म्हणजे ३८,४०० लिटर. हा आकडा मोटरच्या खोलीच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवा. पुढे दर वेळी लागतो.

पीएच आधी, क्लोरीन नंतर. क्रम उलटा केला तर क्लोरीन वाया जातं, कारण पीएच चढलेलं असलं की त्याचा जोर कमी पडतो. पीएच ७.२ ते ७.४ वर आणा. जास्त असेल तर ॲसिड, कमी असेल तर सोडा ॲश. बादलीत आधी पाणी घ्यायचं आणि मग त्यात ॲसिड हळू ओतायचं. ॲसिडवर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. एकदम पूर्ण मात्रा नको. थोडं घाला, मोटर दोन तास चालवा, पुन्हा तपासा.

शॉक. म्हणजे एका वेळी भरपूर क्लोरीन. हिरव्या पाण्याला निदान १० पीपीएम लागतं. १ पीपीएम म्हणजे १००० लिटरला १ ग्रॅम शुद्ध क्लोरीन. आमच्या ३८,४०० लिटरला १० पीपीएमसाठी ३८४ ग्रॅम. पण बाजारातल्या दाणेदार क्लोरीनमध्ये शुद्ध क्लोरीन साधारण ६५ टक्के, म्हणून ५९० ग्रॅम. ताजी ब्लीचिंग पावडर ३० टक्क्यांची धरली तर सव्वा किलोच्या आसपास, पण तिचा चुना तळाशी बसतो, त्यामुळे दाणेदारच बरं. पाणी गडद हिरवं, जवळजवळ काळपट असेल तर याच्या दुप्पट-तिप्पट लागू शकतं.

हे सूर्य मावळल्यावर घाला. दिवसा उन्हाने क्लोरीन झपाट्याने उडतं. बादलीभर पाण्यात थोडं थोडं विरघळवा, वाऱ्याकडे पाठ करा, काठाने फिरत ओता. त्याच वेळी दुसऱ्याने भिंती आणि पायऱ्या ब्रशने घासायच्या. शेवाळाचा वरचा बुळबुळीत थर फुटल्याशिवाय क्लोरीन आत पोचत नाही. लाद्यांच्या सांध्यांतले काळे ठिपके सगळ्यात चिवट.

सकाळी क्लोरीन मोजा. जवळजवळ शून्यावर आलं असेल तर शेवाळ अजून जिवंत आहे, संध्याकाळी पुन्हा मात्रा द्या. आम्हाला चार रात्री लागल्या. रात्री घातलेलं सकाळी बहुतेक तसंच राहिलं, म्हणजे जिंकलात. पाणी हिरव्याचं राखी-दुधाळ होतं. ते मेलेलं शेवाळ. बरेच जण या टप्प्यावर घाबरून पाणी उपसतात, तेव्हा सांगते, हे चांगलं लक्षण आहे.

क्लोरीन टाकताच पाणी तांबूस-तपकिरी झालं तर तो बोअरच्या पाण्यातल्या लोहाचा रंग. तो पुढच्या पायरीत तुरटीने आणि गाळण्याने बराच उतरतो.

गाळणं आणि तुरटी. मोटर दिवसरात्र चालू ठेवा. फिल्टरवरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा नेहमीपेक्षा अर्धा किलोने वर गेला की बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुवा. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा करावा लागतो. दुधाळपणा हटत नसेल तर तुरटी: हजार लिटरला ४० ग्रॅमच्या हिशेबाने आम्ही दीड किलो घेतली, बादलीत विरघळवून पसरली, दांडा 'रिसर्क्युलेट'वर (पाणी फिल्टरला वळसा घालून परत पुलात) ठेवून दोन तास मोटर चालवली आणि मग रात्रभर पूर्ण बंद. सकाळी सगळा गाळ गालिच्यासारखा तळाशी बसला होता. तो व्हॅक्यूमने, दांडा 'वेस्ट'वर (पाणी थेट बाहेर) ठेवून, अगदी सावकाश काढायचा. फिल्टरमधून नेला तर वाळू चिकटून बसते. यात पाणी कमी होतं, म्हणून बाजूला नळ चालू ठेवा आणि पातळीवर लक्ष असू द्या. तुरटीने पीएच उतरतं, ते पुन्हा तपासा.

पोहायला उतरायचं कधी? खोल भागातली लादी वरून स्पष्ट दिसली, क्लोरीन १ ते ३ पीपीएमवर उतरलं आणि पीएच ७.२ ते ७.६ मध्ये असलं की. त्याआधी मुलांनी कितीही हट्ट केला तरी नाही.

## ७. पैसे बोलताना

गवत, मोटर दुरुस्ती, रसायनं, मजुरी यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. 'सगळं मिळून इतके' असा आकडा दिला की पुढे काय झालं आणि काय राहिलं ते कळत नाही. पाण्याचे टँकर किती आणि किती लिटरचे, हे आपला लिटरचा आकडा माहीत असला की लगेच तपासता येतं. गावातल्याच माणसांना काम द्या. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊ शकतात, आणि आपल्या माघारी घराकडे लक्षही त्यांचंच असतं.

## ८. पुन्हा तसं होऊ नये म्हणून

आठवड्याला एकदा कुणी येणार असेल तर त्याला एवढंच काम लिहून द्या: जाळी मारणे, गाळणीचं भांडं साफ करणे, क्लोरीन व पीएच मोजून वहीत लिहिणे आणि वहीच्या पानाचा फोटो पाठवणे. मोटर टायमरवर, रोज पाच-सहा तास.

क्लोरीनच्या गोळ्या तरंगत्या डब्यात ठेवणं सोयीचं, पण वर्षानुवर्षं फक्त गोळ्याच वापरल्या तर पाण्यात सायन्युरिक ॲसिड साठतं आणि क्लोरीन असूनही काम करत नाही. आपल्याकडचा पाऊस पुलातलं पाणी बरंच बदलून टाकतो म्हणून हे उशिरा जाणवतं. तरी वर्षातून एकदा तपासा, ५० पीपीएमच्या वर नको.

पावसाळ्यात पूल भरलेलाच ठेवा आणि जादा पाणी जायची वाट मोकळी आहे ना ते मेअखेर बघा. मोटर जमिनीपासून वर, चौथऱ्यावर हवी. चार महिने खरंच कुणी जाणार नसेल तर दुसरा मार्ग आहे: क्लोरीन पूर्ण थांबवा, ते उतरलं की गप्पी मासे सोडा. डासांची पिल्लावळ आठवडा-दहा दिवसांत उडायला लागते, आणि बंद बंगल्यातल्या पुलाचा ताप अख्ख्या वाडीला होतो. मासे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारले तर मिळू शकतात. पाणी हिरवं होईल, पण डेंग्यू-मलेरिया पसरवणार नाही. दिवाळीआधी मासे बादलीत काढून विहिरीवाल्याला द्या आणि मग पुन्हा सहाव्या पायरीपासून सुरू करा.

आम्ही यंदा दुसराच मार्ग घेतला. मासे वाडीतल्या काकांच्या नातवाने आणून सोडले, किल्ली त्यांच्याकडेच आहे, आणि दर रविवारी संध्याकाळी आईच्या फोनवर पुलाचा एक फोटो येतो.